पेटीतले तिघे

प्रिय मन्या,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर राहिलं ते तीन भुंगेऱ्यांपायी. हसू नकोस.

संग्रहालयातल्या जुन्या पेट्या लावत होतो. 'इतर' अशी चिठ्ठी डकवलेल्या पेटीत, डांबरगोळ्यांच्या भुग्यात हे तिघे सापडले. अर्ध्या नखाएवढे, काळे, पाठीवर निळसर झाक. पितळी टाचण्यांवर हिरवा गंज इतका चढलाय, की एकाची पाठ त्याने उलली आहे. दुसऱ्याची डावी स्पृशा गायब. तिसऱ्याचं डोकं कुणीतरी डिंकाने कार्डावर चिकटवलंय, तेही तिरकं. चिठ्ठीवरचं साल पुसलेलं, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने एकच शब्द: 'नवीन?'

ज्याने तो लिहिला त्याने पुढे काहीच केलं नाही, याचा मला आधी राग आला. मग स्वतःच्या टेबलावरचा ढीग पाहिला आणि गप्प बसलो.

तिघांत नर एकच. या गटात खरी ओळख नराच्या जननेंद्रियावरून पटते, म्हणून पोट मऊ करून ते मांस विरघळवणाऱ्या कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवलं. सूक्ष्मदर्शकाखाली टोकाला एक बारीक आकडी दिसली. जवळच्या ज्ञात प्रजातींची जेवढी वर्णनं आणि मूळ नमुने (ज्यांच्यावरून प्रजातीला नाव दिलं ते) मिळाले ते सगळे पाहिले. अशी आकडी कुणालाच नाही.

आमचे वरिष्ठ म्हणतात, तिनावर काय लिहितोस, आणखी मिळू देत. त्यांचं अगदीच चूक नाही. तिघांवरून एकाच प्रजातीत फरक किती पडतो ते कळत नाही. पण आणखी मिळणार कुठून? डार्विनने 1832 साली अर्जेंटिनात बाहिया ब्लांकाला एक भुंगेरा पकडला होता. लंडनच्या संग्रहालयातून उसन्या मागवलेल्या नमुन्यांत तो चात्झिमानोलिस या कीटकशास्त्रज्ञाच्या हाती लागला आणि 2014 साली त्याचं 'डार्विनिलस सेडारिसी' असं बारसं झालं. दुसरा नमुना बर्लिनच्या संग्रहालयात सापडला, 1935 च्या आधीचा. बस, दोनच! त्या दोघांवर अख्खं वर्णन उभं राहिलं. तसंही पकडल्यापासून नाव मिळेपर्यंत सरासरी 21 वर्षं जातात, असा 2012 च्या एका अभ्यासाचा हिशेब आहे. आमचे तिघे त्याहून कितीतरी जास्त बसून आहेत.

बिननावाच्या किड्याला मुद्दाम शोधायला कोण जाणार? नाव छापून आलं, एकाला मूळ नमुना म्हणून लाल चिठ्ठी लागली, की निदान पुढच्या माणसाला काय शोधायचं ते कळेल. तेव्हा मी लिहायला बसलोय. नाव अजून ठरलेलं नाही. तुझं ठेवणार नाही, निश्चिंत राहा.

एकच गोष्ट जड जातेय. डीएनएसाठी एका मादीचा पाय काढून द्यायचाय. शाळेत बेडूक कापताना तुझा हात कसा स्थिर असायचा, आठवतं? माझा आत्ताच थरथरतोय. तिघांचे मिळून अठरा पाय हवेत. काल मोजले, तेराच आहेत.

सोमवारनंतर बारा.

तुझा,
बंड्या