शेकोटीत कचरा नको

मा. संपादक,

थंडी पडली की आमच्या पुण्यात बंगल्यांच्या अंगणात नि सोसायट्यांच्या गेटवर शेकोट्या पेटतात, सुकी लाकडं असतील तर एकवेळ ठीक पण लोक प्लास्टिक, थर्माकोल, जुने टायर काय वाट्टेल ते टाकतात आणि थंड हवेत तो धूर वर जातच नाही, खालीच साचतो. माझ्या आईला दमा आहे, रात्रभर खोकते. उघड्यावर कचरा जाळला तर ५ हजार दंड, मोठ्या प्रमाणात असेल तर २५ हजार, हे हरित लवादाने २०१६ मधेच सांगितलंय, पण कितीजणांना माहितीये? वॉचमनकाकांना दोष देऊ नका, ते कुडकुडत बसतात, सोसायटीने त्यांना केबिनमधे हीटर द्यावा. आणि पाचोळ्याचं खत करा ना प्लीज.

– एक वाचक, पुणे