आईची सत्तरी आणि वेगासचं हॉटेल

प्रिय आई, बाबा,
साष्टांग नमस्कार.

हॉटेल बुक केलं. पार्क एमजीएम नावाचं आहे, रविवार दुपार ते बुधवार सकाळ, शेजारशेजारच्या दोन खोल्या. हे आधीच सांगून टाकते कारण फोनवर विषय निघाला की बाबा "पण कॅसिनोत कशाला?" इथून सुरुवात करतात, मग आई गप्प बसते आणि शेवटी आपण छोटूच्या शाळेबद्दल बोलून फोन ठेवतो. म्हणून पत्र. यात कोणाला मधे बोलता येत नाही.

बाबा, वेगास ही माझी आयडिया नाही, जावईबापूंची तर नाहीच नाही, ते तर ग्रँड कॅनियनच्या बाजूने होते. आईला विचारलं सत्तरीला काय पाहिजे, साडी नको म्हणाली, बांगड्या नकोत म्हणाली, आणि मग एकदम हळू आवाजात, "मला ते लास वेगास बघायचंय, मशीनवर खेळायचंय." दिवाळीत मामाकडे तीनपत्तीला पहाटेपर्यंत बसणारी बाई आहे ती, तुम्हाला माहीत नाही असं थोडंच आहे. आणि धर्माचाच मुद्दा असेल तर आई जन्मली कोजागिरीला, आणि कोजागिरीच्या व्रतात रात्रभर जागून फासे खेळायचे असं चक्क सांगितलंय, अक्षक्रीडा म्हणतात, तुम्हीच मला लहानपणी सांगितलं होतं. लक्ष्मी फिरत असते, जागं कोण आहे ते बघत. आता ती वेगासला किती वेळ थांबते ते माहीत नाही, पण जागे तिथे सगळेच असतात.

तिथीने करायचं ठरवलं त्याचं खरं कारण मात्र पैसे आहे. तारखेने वाढदिवस येतो ऑक्टोबरच्या अगदी शेवटी, नेमका हॅलोवीनच्या तोंडावर, यंदा, 2025 ला, हॅलोवीन शुक्रवारी आहे म्हणजे अख्खा वीकएंड तिथे भुतं नाचणार आणि भाडी चढणार. कोजागिरी आली सोमवारी. वेगासचं गणित असं आहे की शुक्रवार-शनिवारी जी खोली अडीचशे-तीनशे डॉलरला जाते तीच रविवार ते गुरुवार शंभरच्या आसपास मिळू शकते (मोठी कॉन्फरन्स नसेल तर, जानेवारीत ते इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन असतं तेव्हा मधल्या वारीही हात लावता येत नाही). शिवाय आमच्या घरून, अर्वाइनहून, आपण रविवारी निघणार, तेव्हा सगळी जनता वेगासहून घरी परतत असते, त्यांची बाजू तुंबलेली आणि आपली मोकळी. चार-साडेचार तास. वाटेत बेकर नावाच्या गावात 134 फुटी थर्मामीटर उभारलाय, छोटूला तिथे उतरायचंच असतं, तेवढंच आईचे पाय मोकळे होतील.

आता बाबा, तुम्ही दादाने पाठवलेल्या लिंकवर "39 डॉलर" बघून मला विचारलंत की तू दुप्पट-तिप्पट का देतेयस. तर त्या 39 ला काही अर्थ नसतो. इथे रिसॉर्ट फी म्हणून प्रकार आहे, वायफाय, जिम वगैरेच्या नावाखाली दर रात्री 40 ते 55 डॉलर, घ्या की नका घेऊ द्यावीच लागते, आणि त्या फीवरही रूमसारखाच टॅक्स लागतो, तेरा टक्क्यांच्या वर. म्हणजे खोली 90 आणि फी 45 धरली तर हातात बिल येतं दीडशेच्या पुढे. आधी ही फी अगदी शेवटच्या पानावर उगवायची, आता 2025 च्या मे पासून सरकारी नियम आलाय की फी धरूनच किंमत दाखवायची, टॅक्स तेवढा वेगळा. दादाची लिंक जुन्या कुठल्या तरी रीलमधली आहे. आणि गाडीचं पार्किंग याच्यावर आणखी, ते मी मुकाट्याने भरणार आहे, तुम्ही विचारू नका.

पण मी एवढे दिवस जे चाळत बसले होते ते पैशांसाठी नव्हतंच. मागे ऑफिसच्या लोकांबरोबर गेले होते तेव्हा एका हॉटेलात राहिलो होतो, नाव जाऊ दे, तिथे दारातून खोलीपर्यंत जायला पंधरा मिनिटं लागायची, आणि ती सगळी कॅसिनोमधून. ही हॉटेलं बांधतातच तशी. लिफ्टकडे जायचं, मशीनमधून जा, नाश्त्याला जायचं, मशीनमधून जा, जत्रेत देवळापर्यंत पोचायला सगळ्या दुकानांतून जावं लागतं ना, तसं. खिडक्या नाहीत, घड्याळ नाही, कधी सकाळ झाली कळत नाही. आणि सिगारेटचा धूर. नेव्हाडात, म्हणजे वेगासच्या राज्यात, कॅसिनोच्या जागेत अजूनही सिगारेट ओढायला परवानगी आहे, तेव्हा संध्याकाळपर्यंत केसांना वास लागतो. बाबांचा दमा आणि आईचा उजवा गुडघा हे दोन घेऊन तिथे तुम्हाला तीन दिवस चालवायचं मला जमणार नाही. म्हणून माझ्या यादीत पहिला प्रश्न होता धूर, दुसरा चालणं, तिसरा चहा, आणि भाव चौथा.

धुराच्या प्रश्नावरच निम्मी यादी गळली. पार्क एमजीएम 2020 पासून पूर्ण नो-स्मोकिंग आहे, कॅसिनोसकट, स्ट्रिपवरचं (म्हणजे मोठ्या हॉटेलांचा तो मुख्य रस्ता) तसं पहिलंच. पूर्वी याचं नाव माँटे कार्लो होतं, 2018 मध्ये बदललं. फार झगमगाट नाही, बेलाजियोसारखं संगमरवरी वगैरे नाही, पण खोल्या नीट आहेत आणि भाव मधला आहे, तेवढंच पाहिजे होतं. दुसरा पर्याय व्हडारा होता, तिथे कॅसिनोच नाही, अगदी शांत, बाबा म्हणाले असते हेच घे. पण वाढदिवस बाबांचा नाहीये. कॅसिनो नसलेल्या हॉटेलात उतरून दर वेळी आईला दुसरीकडे खेळायला न्यायचं, मग लोणावळाच काय वाईट?

बाकी नावं दादा सुचवत होता म्हणून सांगते. लक्सॉर म्हणजे तो काळा पिरॅमिड, 1993 चा, त्याची लिफ्ट 39 अंशाच्या कोनात तिरकी वर जाते, छोटूला तेच पाहिजे होतं, ते आपण नुसतं बाहेरून बघून येऊ. एक्सकॅलिबर म्हणजे किल्ला, चार हजार खोल्या, स्वस्त, पण दोन्ही स्ट्रिपच्या दक्षिण टोकाला, तिथून बेलाजियोच्या कारंज्यांपर्यंत आईला चालवणं म्हणजे शिक्षाच. फ्लेमिंगो मला खूप आवडतं खरं तर, 1946 मध्ये उघडलेलं, मागच्या बागेत खरे फ्लेमिंगो पक्षी आहेत आणि ते बघायला फुकट आहे, जागाही अगदी मध्यावर. धुरामुळे सोडलं, नाहीतर तेच घेतलं असतं. पक्षी बघायला मात्र जाऊच.

चालण्याबद्दल एक लक्षात ठेवा, वेगासमध्ये समोर दिसणारं हॉटेल समोर नसतं. इमारती एवढ्या अवाढव्य आहेत की "हे काय, शेजारी तर आहे" म्हणून निघालं की वीस मिनिटं जातात, आणि मोठ्या चौकांत रस्ता ओलांडायला वरचा पूल, सरकते जिने, कधी जिना बंद असेल तर लिफ्ट शोधा. पण पार्क एमजीएमच्या इमारतीतूनच एक फुकट ट्राम सुटते, आरिया हॉटेलावरून थेट बेलाजियोच्या बाजूला सोडते. आईला जे कारंजं बघायचंय ना, ते तिथे. रात्री दर पंधरा मिनिटांनी असतं, त्यामुळे एक चुकलं तरी कठड्याला टेकून पुढच्याची वाट बघायची. आणि आत बेलाजियोच्या लॉबीत छताला हाताने फुंकलेली दोन हजार काचेची फुलं आहेत, त्याच्यापुढे मोठी काचघराची बाग, तिथे तेव्हा शरद ऋतूची सजावट असेल, भोपळे, सफरचंदं, पानं. हे सगळं फुकट. बाबा, एक पैसा न लावता सगळ्यात महाग हॉटेल बघून यायचं, आवडेल तुम्हाला. लागलीच तर व्हीलचेअर भाड्याने मिळते, आई, तोंड वाकडं करू नकोस, "लागलीच तर" म्हटलंय.

चहा. खोलीत किटली नसते. कॉफी मशीनही असेलच असं नाही, हे मुद्दामच, म्हणजे माणूस खाली उतरून सात-आठ डॉलरची कॉफी घेतो. मी आपली छोटी इलेक्ट्रिक किटली आणते. तू मिरजेहून तुझी आणू नकोस, इथे व्होल्टेज निम्मं असतं, तुझ्या किटलीत पाणी कोमट व्हायलाच सकाळ जाईल. खोलीतल्या फ्रीजमध्ये हॉटेलच्या बाटल्या असतात त्यातली नुसती उचलून बघितली तरी काही ठिकाणी बिलात लागते, तेव्हा छोटूवर आणि बाबांवर लक्ष ठेव, लेबल वाचायची सवय दोघांनाही आहे. खाण्याचं फारसं अवघड नाही, हॉटेलातच ईटाली म्हणून मोठा इटालियन बाजार आहे, पिझ्झा, पास्ता, फळं, सगळं समोर मिळतं. सोमवारी बाबांचा उपास येणार, मी साबुदाण्याची खिचडी डब्यात घेते, गरम करायला मायक्रोवेव्ह नाही, गारच खा. मसाला दूध घरूनच थर्मासमधून, बर्फाच्या पेटीत, कोजागिरीचं दूध थंड प्यायलं म्हणून लक्ष्मी काही परत जाणार नाही. कारंज्याजवळ चंद्र दिसला तर तिथेच पिऊ, नाही दिसला तर तिथेच पिऊ.

आता खेळायचं. आई, रोज तुझ्या वयाइतके डॉलर, म्हणजे 70, ते माझ्याकडून, हरलीस तर विचारायचं नाही आणि जिंकलीस तर मला परत द्यायचे नाहीत. दांडा ओढायची मशीनं आता जवळजवळ राहिलीच नाहीत, बटण असतं, आणि नाणी खणखणत पडत नाहीत, कागदाची चिठ्ठी निघते, ती खिडकीवर वटवायची. थोडा हिरमोड होईल तुझा. काही मशीनवर (त्यांना स्लॉट म्हणतात) पेनी स्लॉट लिहिलेलं असतं पण एक सेंटला कोणी खेळू देत नाही, एका दाबाला पन्नास-साठ सेंट सहज जातात, आधी स्क्रीनवर बघ आणि मग दाब. खेळत असताना मुली ट्रे घेऊन येतात, ड्रिंक फुकट असतं, तू संत्र्याचा ज्यूस माग, फक्त एक डॉलर टिप ठेवायची. छोटू तुझ्या शेजारी उभा राहू शकत नाही, 21 च्या खालच्यांना नुसतं वाटेवरून जाऊ देतात, रेंगाळू देत नाहीत, त्यामुळे त्याला आम्ही दोघं आळीपाळीने फिरवू.

बाबा, तुम्ही नका खेळू, पण रूलेटजवळ जरा उभे राहा, दहावीच्या वर्गाला संभाव्यता शिकवायला याच्याहून चांगलं साधन मिळायचं नाही. चाकावर 1 ते 36, शिवाय शून्य आणि दुहेरी शून्य, म्हणजे 38 घरं, आणि एका आकड्यावर लागलं तर देतात 35 पट. 38 घरांवर एकेक डॉलर ठेवला तर परत येतात 36. शेकडा 5.26 गेले. हल्ली स्ट्रिपवर तिहेरी शून्याचीही चाकं आहेत, 39 घरं आणि पैसे तेवढेच, म्हणजे शेकडा 7.69. लोक तिथेही गर्दी करून उभे असतात. मशीनला तर नेव्हाडाचा नियम आहे की निदान 75 टक्के परत गेले पाहिजेत, प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त जातात, पण ते हजारो दाबांच्या सरासरीत, आईच्या 70 डॉलरांना त्याचा काही उपयोग नाही. आणि एक कायद्याचं, स्लॉटवर एकदम ठरावीक रक्कम (2025 मध्ये 1200 डॉलर) किंवा जास्त लागली तर मशीन थांबतं, माणूस येतो, पासपोर्ट मागतो, आणि परदेशी नागरिक असेल तर 30 टक्के कापून घेतो. रूलेटला, पत्त्यांच्या ब्लॅकजॅकला हे कापणं नाही. हे मी आईला सांगत नाहीये, ती आत्तापासून टेबलांवर नजर ठेवेल.

मंगळवारी हूवर धरण. गाडीने पाऊण तास. ग्रँड कॅनियनच्या वेस्ट रिमला जायला-यायलाच पाच तास जातात, गुडघा घेऊन ते नको, जावईबापूंची समजूत काढलीये. धरण 221 मीटर, आपल्या कोयनेच्या दुपटीहून उंच, कड्यांच्या मधोमध कमानीसारखं वाकलेलं, तुम्ही आम्हाला कोयनेला नेऊन तासभर भिंतीबद्दल बोलला होतात, त्याची परतफेड. सकाळी लवकर निघू, ऊन ऑक्टोबरमध्येही कडक असतं.

बुकिंग आत्ता तरी रद्द करता येण्यासारखं आहे, भाव आणखी उतरला तर मी रद्द करून परत करेन, इथे सगळे तसंच करतात. खोली तळमजल्याजवळची आणि लिफ्टच्या शेजारची मागितलीये, मिळेलच असं नाही, चेक-इनला गोड बोलून बघू. ते काम आईचं.

दम्याचा पंप हातातल्या पर्समध्ये ठेवा, मोठ्या बॅगेत नको. आईने ती नवीन चप्पल आणू नये, जुने पांढरे बूटच आण, नी-कॅपही आण. आणि बाबा, औषधांच्या चिठ्ठीचा फोटो अजून आलेला नाही, तो तेवढा आज पाठवा.

तुमची,
मनी