चिऊची गिटार आणि आईची काळी चार

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

चिऊ सुट्टीला येतेय, तिच्यासोबत गिटार पाठवतोय. क्लास लावायची घाई नको. कानावर रोज पडणारं गाणं आपल्या बोटांतून निघालं की मूल वाद्यावर जीव लावतं. तिच्या कानात आईचं गाणं आहे, तिथूनच सुरुवात होऊ द्या.

गिटार पाऊण मापाची आहे, तारा नायलॉनच्या. 'स्टीलच्या लावा, आवाज खणखणीत येतो' असं कुणी सांगितलं तरी लावू नका. मोठ्या गिटारवर सहा नायलॉन तारांचा ताण मिळून साधारण 40 किलो असतो, स्टीलचा 70च्या आसपास. त्या ताणाने ब्रिज (तारा जिथे अडकवतात ती पट्टी) उखडतो, आणि बोटं सोलली की मूल पुन्हा गिटारला हात लावत नाही.

सूर मोबाइलवर नको, पेटीवर लावा. दोन्ही एकत्र वाजणार, तर पेटीचाच सूर खरा. जाड तारेकडून बारीक तारेकडे पेटीच्या पांढऱ्या पट्ट्या: पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन. तार फार ताठ होऊ लागली तर सप्तक चुकलंय, लगेच थांबा. सूर नेहमी खालून वर चढवत गाठा. वरून उतरवत आणला तर खुंटीवरची ढील राहते आणि तार पुन्हा उतरते. नव्या तारा पहिले काही दिवस उतरणारच.

आता आईची काळी चार, म्हणजे पेटीची ती काळी पट्टी जिच्यावर आईचा सा आहे. कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर (गळ्यावरच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट, त्यांच्यामधली जागा म्हणजे घर) लावा आणि घरं तिथून पुढे मोजा. छेडायच्या फक्त बारीक तीन तारा. षड्जाची कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर): सगळ्यात बारीक तारेवर तिसऱ्या घरात एक बोट. मध्यमाची: तिच्या शेजारच्या तारेवर पहिल्या घरात एक बोट. पंचमाच्या कॉर्डला तीन बोटं लागतात, ती सावकाश. खरखर आली तर बोट पुढच्या फ्रेटच्या पट्टीलगत सरकवायला सांगा. आवाज दबला तर बोट शेजारच्या तारेला टेकतंय, नाहीतर नख वाढलंय.

आई, भूप रागातलं काहीतरी सोपं घे. भैरवी आत्ता नको. या कॉर्डमध्ये शुद्ध गंधार-धैवत आहेत, तुझे कोमल स्वर त्यांच्याशी भांडतील.

बाबा, गिटारवर राग कसा वाजणार म्हणाल, तर ब्रिजभूषण काबरांना ऐका. 1967 साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबर त्यांची ध्वनिमुद्रिका आली. ते गिटार आडवी ठेवून तारेवर धातूची कांडी फिरवत, म्हणून ती मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. चिऊला ऐकवा जरूर, पण दाबून वाजवणाऱ्या बोटांकडून ती मागू नका.

रोज दहा मिनिटं पुरे. गिटार उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, गोंद सुटतो.

आणि आई, हल्ली वरचा सा ओढून लावावा लागत असेल तर पांढरी पाचवर गा. कॅपो काढला की झालं, चिऊची बोटं तीच राहतात.

तुमचा,
बाळू