सूचना : रविवारी बंब चालवण्याचा सराव

सर्व चालक व फायरमन बांधवांनो,

येत्या रविवारी सकाळी 7 वाजता लातूर अग्निशमन केंद्राच्या आवारात सराव आहे. रात्रपाळीवाल्यांनी थांबावे, सुट्टीवाल्यांनीही यावे.

1. उसाचा हंगाम आहे. औसा रोडवर मागचे दिवे नसलेल्या ट्रॉल्या अंधारात एकदम समोर येतात. ट्रॅक्टरवर गाणी मोठ्याने चालू असली की सायरन ऐकूच जात नाही. तेव्हा समोरचा बाजूला होईलच, असे धरून चालू नका. चौकात सिग्नल लाल असेल तर आधी थांबा, दोन्हीकडे बघा, मगच काढा.

2. बंबाच्या टाकीतले 4500 लिटर पाणी म्हणजे साडेचार टन वजन. टाकी अर्धी असली की वळणावर पाणी एका अंगाला धावते आणि गाडी कलंडते. परतीला टाकी भरून घ्या, नाहीतर पूर्ण रिकामी करा. वेग वळणाआधीच कमी करायचा.

3. बेल्ट सगळ्यांनी लावल्याशिवाय गाडी हलणार नाही. धावत्या गाडीत कोट चढवणे, पायरीवर लटकणे बंद. घाई कितीही असो, यात सवलत नाही.

4. गंजगोलाई बाजारात रिव्हर्स घेताना एकाने खाली उतरून चालकाला आरशात दिसेल असे उभे राहावे.

तुटके बेल्ट, गुळगुळीत टायर यांची नोंद शनिवारपर्यंत वहीत करा.

– स्टेशन ऑफिसर