धरणाजवळ राहून टँकरचे पाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्याच्या वाढत्या लोकसंख्येचा विषय निघाला की चर्चा वाहतूक कोंडीवर येऊन थांबते, म्हणून किरकटवाडीचा रहिवासी या नात्याने पाण्याविषयी लिहीत आहे.

खडकवासला धरण आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, तरीही आमच्या सोसायटीचा दिवस टँकरने सुरू होतो. सकाळी साडेसहाला नळी जमिनीखालच्या टाकीत सोडली जाते आणि रखवालदार वहीत गाडीचा क्रमांक व वेळ टिपून घेतो. पाणी कोणत्या विहिरीचे, याचा रकाना मात्र त्या वहीत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याजवळचे नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएस (गुलेन-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले, तेव्हा कुठे आम्हाला हा प्रश्न पडला. (त्याआधी आमच्या बैठका पार्किंगवरच गाजत असत.)

पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून या गावांत इमारती उभ्या राहत होत्या. जिथे सांडपाण्याच्या वाहिन्या नाहीत तिथे मैलापाणी ओढ्यात जाते, ओढा मुठेला मिळतो आणि त्याच ओढ्याकाठच्या विहिरींवर टँकर भरले जातात. मोकळी जमीन काँक्रीटखाली गेल्याने पाऊस मुरत नाही, आणि आपल्या काळ्या पाषाणात पाणी धरून ठेवणाऱ्या भेगा मुळातच मोजक्या असल्याने बोअर दरवर्षी आणखी खोल न्यावी लागते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून साठवणक्षमता सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि त्यातूनच दौंड, इंदापूरच्या शेतीलाही आवर्तन (ठरावीक काळाने सोडायचे कालव्याचे पाणी) द्यायचे असते. तिथल्या शेतकऱ्याच्या वाट्याचे पाणी शहराकडे वळवा, असे म्हणणे मला तरी पटत नाही.

माणसे पोटापाण्यासाठी येणारच. मीही पंधरा वर्षांपूर्वी तसाच आलो. माझा आक्षेप, नळजोड मिळेपर्यंत टँकरने पाणी पुरवू, असे विकसकाचे हमीपत्र घेऊन बांधकामाला परवानगी देण्याच्या पद्धतीला आहे, कारण इमारत सोसायटीच्या ताब्यात गेली की ते हमीपत्र कोणी विचारत नाही. जलवाहिनी आणि सांडपाणी वाहिनी प्रत्यक्ष जोडल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र (इमारतीत राहायला जाण्याची परवानगी) देऊ नये आणि तोवर प्रत्येक टँकरवर पाण्याचा स्रोत व तपासणीची तारीख लिहिणे सक्तीचे करावे, एवढीच मागणी आहे.

आपला,
एक वाचक, किरकटवाडी, पुणे