हात चोळून गरम करणाऱ्या मावशींना

मावशी,

तुमचा नंबर लागत नाही. घरी आजाऱ्यांच्या सेवेला बायका पाठवणाऱ्या ब्युरोत विचारलं तर म्हणाले, त्या बाईंनी काम सोडलं, आता कुठे असतात ठाऊक नाही. म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. तुमच्या नातीच्या मोबाईलवर कधीतरी येईल, ती वाचून दाखवेल. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. इंदिरानगरातली ब्लाऊज शिवणारी, छातीच्या कॅन्सरमुळे उजव्या बाजूचं ऑपरेशन झालेली, एवढं सांगितलं की ओळखाल.

डिसेंबरातली सकाळ होती. निफाडचा पारा किती उतरला यावर घरोघरी चर्चा चालतात, त्या दिवसांतली. तुम्ही पहिल्यांदाच आला होता. स्पंजसाठी गरम पाणी आणलंत, टॉवेल खांद्यावर टाकलात आणि नुसत्याच उभ्या राहिलात. मी तोंड भिंतीकडे केलेलं. वाटलं, बघून दचकल्या. मग मागून आवाज आला, कोरडा, खसखस. वळून पाहिलं तर तुम्ही तळहातावर तळहात चोळत होता. "थांबा हं ताई, हात गार आहेत माझे." गालाला लावून बघितलेत, पुन्हा चोळलेत, आणि मग टाक्यांच्या शेजारी हात ठेवलात.

मावशी, तोवर त्या छातीला कितीजणांचे हात लागले होते. एकाने गाठ चाचपली आणि "या वयात होतं असं" म्हणून सोनोग्राफीसुद्धा न करता घरी पाठवलं. त्यात सात महिने गेले. पुढच्यांनी नीट तपासलं, ऑपरेशन उत्तम केलं, त्यांचे उपकार आहेतच. पण माझ्या अंगाला हात लावण्याआधी आपले हात गार आहेत का, हा विचार कुणाच्या मनात आला नव्हता. खरं सांगते, माझ्याही नाही. आरसा मी उलटा करून ठेवला होता. आंघोळीला जाताना त्या बाजूला साबण लावायचा तर बादली घासल्यासारखा लावायचे.

ऑपरेशनआधी एका जावेच्या आग्रहाने गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये दोन दिवस जाऊन आले होते. साडेसहा हजार भरले, वर चहा-बिस्किटं. 'सेल्फ लव्ह' हा शब्द तिथे ऐकून ऐकून कान किटले. माईकवाल्या बाई म्हणाल्या, आजार म्हणजे मनात दाबून ठेवलेला राग. स्वतःवर प्रेम केलं असतंत तर ही वेळ आलीच नसती. म्हणजे गाठ माझी आणि वर चूकही माझीच! रोज दहा गोष्टींचे आभार माना म्हणून एक वहीही दिली. तिसऱ्या दिवशी 'सिलिंडर वेळेवर आला' यापुढे माझी गाडी सरकली नाही.

तुम्ही वही दिली नाहीत. जखमेतलं पाणी नळीने ज्यात उतरतं त्या ड्रेनच्या पिशवीतलं पाणी मोजायचात, कागदावर आकडा लिहायचात आणि माझ्या दंडावर थोपटून म्हणायचात, "आज चाळीसच. काम करतंय हो बिचारं अंग." चोवीस तासांत ३० मिलीच्या खाली आल्यावर नळी काढतात, हे मला डॉक्टरांनीही सांगितलं होतं. पण त्या आकड्यामागे माझं अंग राबतंय, त्याला शाबासकी द्यावी, हे तुमच्या तोंडून ऐकलं तेव्हा रडू आलं. कृतज्ञता की काय म्हणतात ती मला तिथे कळली, त्या प्लास्टिकच्या पिशवीशी.

आणि ध्यान. आपल्या इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यना ध्यानाची शिबिरं होतात, लोक कुठून कुठून येतात, आणि नाशिकमध्ये जन्म काढून मला हे तुमच्याकडून कळावं! पहाटे चारची घंटा, नऊ दिवस मौन, दहाव्या दिवशी बोलायला मोकळीक, आणि फी शून्य. शिबिर पूर्ण केलेल्यानेच इच्छा असेल तर दान द्यायचं. मला चटकन साडेसहा हजार आठवले. तुम्ही हसलात, बोलला काही नाही. "तुम्हाला आत्ता शिबिर नको, अंग भरून येऊ दे आधी," म्हणालात आणि फक्त श्वास दाखवलात. मोजायचा नाही, जप नाही, ओढायचा नाही. नाकाखाली, वरच्या ओठाच्या वर कुठे लागतो तेवढं बघायचं. आत जाताना गार, बाहेर येताना कोमट. मन पळालं तर ओरडायचं नाही, परत आणायचं. माझं तर सारखं पळायचं, गिऱ्हाइकांच्या राहिलेल्या अस्तरांकडे. शेवटी सगळ्यांचं भलं होवो म्हणायचं, आणि त्या सगळ्यांत स्वतःला धरायला विसरायचं नाही, हे तुम्ही दोनदा बजावलंत.

गाठ ध्यानाने गेली नाही, हे इथे स्पष्ट लिहिते, नाहीतर कुणी भलताच अर्थ काढून औषध सोडायचं. गाठ गेली ती ऑपरेशनने, पुढे केमो झाली. पण केमोनंतरच्या रात्री दोन वाजता तोंडात जस्ताची चव, पोटात ढवळतंय आणि पहाट काही होत नाही, तेव्हा ते गार-कोमट माझ्याजवळ होतं.

एक गोष्ट मनातून जात नाही. सासूबाईंनी तुमच्यासाठी वेगळा कप काढला होता, कान तुटलेला. मी पहिल्याच दिवशी पाहिलं. तुम्हीही पाहिलंत. तुम्ही रोज तो स्वतः धुऊन खिडकीत ठेवायचात आणि आत येऊन हात चोळायचात. मी तोंड उघडायला अकरा दिवस घेतले. त्यानंतर कप बदलला, पण अकरा दिवस झालेच. माफी मागते.

औषधं संपल्यावर पहिल्यांदा बाहेर पडले ती लेण्यांवर. आम्ही पांडवलेणी म्हणत आलो, तुम्ही त्रिरश्मी म्हणायचात. मुख्य लेणी चोवीस, मूळची बौद्ध, पांडवांचा काही संबंध नाही, हेही तुम्हीच सांगितलेलं. दमत दमत तिसऱ्या लेण्यापर्यंत गेले. गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे तिथे, लेणं दान दिल्याचा. राणीचं दान दगडात कोरलंय. तुम्ही तर जाताना एक फोटोही काढू दिला नाहीत.

आता मशीनवर बसते, दिवसाला दोन ब्लाऊज होतात. स्वतःसाठीही शिवला, उजव्या बाजूला सुती कापडाचा गोळा बसवून. टक्स तीनदा उसवले, चौथ्यांदा जमला. माप घ्यायला बाई समोर उभी राहिली की टेप आधी मुठीत धरून ठेवते. गार लागतो ना. एकीने विचारलं, टेपचं काय करताय? म्हटलं, आमच्या मावशींची पद्धत.

दिवाळीत घराला रंग दिला. दाराआडच्या भिंतीवर हाताच्या व्यायामाच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, बोटं चालवत जिथवर पोचायची तिथे तुम्ही रोज रेघ मारायचात ना, त्या. रंगाऱ्याने पट्टी लावली तसे आमचे हे, जे एरवी घरातल्या कशातच लक्ष घालत नाहीत, उठून म्हणाले, तेवढं राहू दे. तिथे अजून जुना पिवळा रंग आहे. तुमची शेवटची रेघ माझ्या कानाच्या उंचीवर आहे. तिच्या वर मी एकटीने मारलेल्या नऊ आहेत. त्या तुम्ही अजून पाहिल्या नाहीत.

तुमची,
इंदिरानगरची ताई