कमिशनवर काम करणाऱ्यांच्या कमाईला तळ हवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत एका ठरावीक मजकुराची गर्दी होते. ‘मार्केटिंगसाठी मुले-मुली त्वरित पाहिजेत, अनुभवाची अट नाही, दरमहा पंधरा ते पंचवीस हजार.’ कंपनी कोणती, विकायचे काय, आणि या रकमेपैकी पक्का पगार किती व विक्रीवर अवलंबून किती, याचा त्यात पत्ता नसतो. असतो तो फक्त मोबाइल क्रमांक. मी अमळनेरला एका पतसंस्थेची दैनिक ठेव, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली पिग्मी, गोळा करते. माझेही घर कमिशनवरच चालते, म्हणून या जाहिरातींमागच्या व्यवहाराविषयी लिहीत आहे.

दारोदार विक्री खान्देशाला नवी नाही. सुरतेहून साड्यांचे गठ्ठे आणून नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा या पट्ट्यात गल्लोगल्ली विकणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहत आले आहे. ओसरीवर गाठोडे सोडायचे, ‘पैसे कापूस विकल्यावर दे’ म्हणून साडी ठेवून जायचे आणि दिवाळीनंतर वही काढून वसुलीला यायचे, हा त्यांचा रिवाज. उधारी बुडाली तर नुकसान त्यांचे होते, पण भाव त्यांनी ठरवलेला असतो, उधार कोणाला द्यायचे हेही त्याच ठरवतात आणि राहिलेला नफाही त्यांचाच असतो. शिवाय रस्त्यावर फिरून विकणाऱ्यांना २०१४च्या पथविक्रेता कायद्याचा आधार तरी आहे (नगरपालिका तो किती पाळतात, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे). कमिशनवरच्या मुलाची गोष्ट निराळी. माल कंपनीचा, किंमत कंपनीने ठरवलेली, आज कोणत्या कॉलनीत जायचे तेही टीम लीडरने सांगायचे. आणि दिवसभरात एकही नग खपला नाही, तर तेवढा दिवस मात्र त्या मुलाच्या खात्यावर.

आमच्या नात्यातला एक मुलगा गेल्या उन्हाळ्यात भुसावळला पाण्याच्या फिल्टरचे काम करत होता. सकाळी भाड्याच्या खोलीत मीटिंग, टाळ्या आणि टार्गेट; त्यानंतर नमुन्याची पिशवी खांद्याला लावून दारोदार. भुसावळचा पारा पंचेचाळीसवर गेलेला असताना भरदुपारी कूलर लावून झोपलेल्या घराची बेल वाजवायची आणि ‘आते नई भाऊ, नंतर ये’ हे ऐकून पुढच्या दारी जायचे. बसभाडे, जेवण, मोबाइलचा रिचार्ज सगळे पदरचे. यंत्र विकले गेले तरी ग्राहकाने ते परत केल्यास मिळालेले कमिशन पुढच्या हिशेबातून वळते होते. त्यातच आपल्याकडचा पैसा ऋतूप्रमाणे फिरतो. रावेर-यावलच्या केळीपट्ट्याचे ठीक आहे. पण कोरडवाहू गावांत जून ते सप्टेंबर घरातली रोकड बियाणे, खते आणि निंदणीत गुंतलेली असते. त्या चार महिन्यांत कोणी कितीही गोड बोलले तरी फिल्टर खपत नाही, आणि हे मुलाच्या आधी कंपनीला ठाऊक असते.

अशा वेळी विक्रेत्याच्या हातात खोटेपणाची सामग्री दिली जाते. घरोघरी होणारा पाण्याचा ‘डेमो’ आपल्या अनेक वाचकांनी पाहिला असेल. दोन पेल्यांत पाणी घेतात, एकात नळाचे, दुसऱ्यात फिल्टरचे. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडतात. मिनिटभरात नळाच्या पाण्यावर तांबूस-हिरवट गाळ तरंगू लागतो आणि फिल्टरचे पाणी स्वच्छ राहते. ‘बघा ताई, हे तुमची मुलं रोज पितात,’ हे वाक्य पाठ करून घेतलेले असते. प्रत्यक्षात तो गाळ लोखंडाच्या कांडीचा असतो. नळाच्या पाण्यातल्या क्षारांमुळे वीज वाहते आणि कांडी झिजते. फिल्टरच्या पाण्यात क्षार नगण्य असल्याने वीज फारशी वाहत नाही. त्याच स्वच्छ पेल्यात चिमूटभर मीठ टाकून पाहा, तेही पाणी तसेच गढूळ होईल. क्षार असणे आणि पाणी दूषित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या मुलाला शिकवलेलेच नसते. ग्राहक पुढे संतापतो तेव्हा तो दारात आलेल्या मुलावरच संतापतो.

हे वाचून कोणी म्हणेल की कमिशन म्हणजे धंदा आहे, त्यात पगाराची भाषा कशाला. पिग्मीची योजना सिंडिकेट बँकेने १९२८ साली सुरू केली, आणि त्याच बँकेच्या ठेव गोळा करणाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली या म्हणण्याला उत्तर दिलेले आहे. ठेव गोळा करणारे हे कामगार आहेत आणि त्यांना मिळणारे कमिशन म्हणजे कामाच्या प्रमाणात मिळणारे वेतनच आहे, असे न्यायालयाने म्हटले. हैदराबादच्या औद्योगिक न्यायाधिकरणाने १९८८ साली या लोकांना महिना साडेसात हजारांच्या किमान संकलनाशी जोडून ७५० रुपयांची आधार-रक्कम, त्यावरच्या संकलनावर दोन टक्के आणि प्रवासभत्ता ठरवून दिला होता. आकडे आज किरकोळ वाटतील, पण तत्त्व स्पष्ट आहे: वेतन विक्रीनुसार वर जाऊ शकते, मात्र त्याला एक तळ असतो. विडीसारखे नगावरचे काम करणाऱ्यासाठीही १९४८च्या किमान वेतन कायद्यात वेळेच्या हिशेबाने हमी-दराची तरतूद होतीच. मात्र तो निकाल बँकांच्या ठेव गोळा करणाऱ्यांपुरता होता. पतसंस्था किंवा खासगी वितरक आपण होऊन तो पाळत नाहीत, आणि महिन्याला चार-सहा हजार कमावणारी बाई कोर्टाची पायरी कशी चढणार?

आम्हा पिग्मीवाल्यांच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते. जळगाव जिल्ह्यात पतसंस्था अडचणीत आल्या तेव्हा ठेवीदार आधी संचालकांकडे गेले नाहीत, ते आमच्या दारात आले. चहाच्या टपरीवाल्याने, भाजीवालीने रोज दिलेल्या वीस-पन्नास रुपयांच्या पावतीवर सही आमची असते. कर्जे कोणाला वाटली, तारण काय घेतले, यातले काहीही एजंटाला विचारून झालेले नसते, तरी गावात तोंड लपवून फिरायची वेळ त्याच्यावर येते.

कमाईला तळ नसण्यात सरकारी योजनाही अपवाद नाहीत. टपाल खात्याच्या महिला एजंटांना आवर्ती ठेवीवर चार टक्के मिळतात, म्हणजे महिन्याला लाखभर रुपये घरोघरून गोळा केले तर चार हजार. बचतपत्रांच्या एजंटांचे कमिशन मात्र डिसेंबर २०११ पासून एक टक्क्यावरून अर्ध्यावर आणले गेले आणि भविष्य निर्वाह निधीच्या (पीपीएफ) खात्यांवरचे बंदच झाले. पगारदारांचा पगार असा एका आदेशाने अर्धा झाला असता तर काय झाले असते? कर कापून घेताना हेच कमिशन उत्पन्न ठरते. वर्षाला वीस हजारांवर गेले की दोन टक्के कापले जातात. कामगार म्हणून दाद मागायला गेले की मात्र आम्ही स्वतंत्र व्यावसायिक ठरतो.

थेट विक्रीसाठी केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये नियम केले आहेत. ओळखपत्राशिवाय आणि आधी संमती घेतल्याशिवाय विक्रेत्याने कोणाच्या घरी जाऊ नये, कंपनीने त्याच्याशी लेखी करार करावा, साखळी पद्धतीच्या योजना चालवू नयेत, असे त्यांत आहे. हे नियम ग्राहकाच्या बाजूने योग्यच आहेत आणि वाचकांनी दारात येणाऱ्याकडे ओळखपत्र जरूर मागावे. परंतु विक्रेत्याला किमान किती मिळावे, उन्हातान्हात त्याला काही झाले तर जबाबदारी कोणाची, याबद्दल त्यांतून काही हाती लागत नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या कामगार कार्यालयांनी निदान अशा भाड्याच्या खोल्यांतून चालणाऱ्या वितरकांची नोंद घ्यावी, लेखी करार झाले आहेत का ते तपासावे, आणि कामाची जागा व वेळ वितरकच ठरवत असेल तर त्या मुलांना कामगार धरून किमान वेतनाची चौकशी करावी.

आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. नोकरीच्या छोट्या जाहिराती घेताना कंपनीचे नाव, कामाचे स्वरूप, पक्की रक्कम आणि कमिशनची रक्कम या चार गोष्टी स्वतंत्रपणे लिहून घ्याव्यात. उमेदवाराकडून नोंदणी, प्रशिक्षण किंवा नमुन्याच्या मालापोटी आधी पैसे घेतले जाणार असतील, तर तेही छापावे. एवढे सांगायला जो जाहिरातदार तयार नसेल, त्याची जाहिरात नाकारावी.

आपली,
एक दैनिक ठेव प्रतिनिधी,
अमळनेर, जि. जळगाव